पूर्व भागाखालच्या नळाचा नकाशा

मी, आर्डिस हूकस्ट्रा, वय एक्क्याऐंशी, राहणार बर्चफील्ड, मिशिगन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

एक. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझा भाऊ गेरिट याची मुलगी लेनोरा हिला. तळघरात ओल येते, हे तिने आताच ऐकून ठेवावे.

दोन. शिवणयंत्र आणि दोन्ही कात्र्या मरिसेला ओर्टेगा हिला. मॉलमधल्या माझ्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात ती एकोणीस वर्षे होती, आणि काजे माझ्यापेक्षा चांगली करायची. हे तिला मी कधी सांगितले नाही.

तीन. मॉलचे तेव्हाचे व्यवस्थापक श्री. नॉर्डन यांना काही नाही. अंत्यविधीला यावे, भाषण करू नये.

चार. (खोडले आहे. कारण खाली.)

मॉल आमच्या सेलरीच्या भाजीच्या शेतावर उभा आहे. काळी, पाणथळ जमीन. निचऱ्यासाठी बाबांनी खाली मातीचे नळ घातले होते. १९६८ साली त्यांनी ती विकली. गेरिटला ते नको होते. तीन वर्षांनी मॉल उघडला: दोन टोकांना दोन मोठी दुकाने, मधे छताखाली चाळीस लहान. बाहेर बर्फ आणि आत माणसे कोटाशिवाय फिरताहेत, याचेच गावाला अप्रूप. १९७९ला पूर्वेकडे आणखी एक भाग वाढवायचे ठरले.

गावसभेत गेरिट उठला. "तिथे खाली आमचा मोठा नळ आहे. तो फोडलात तर दर वसंतात बर्फ वितळला की दुकानांत पाणी येईल."

"सेलरी गेल्याचा राग मॉलवर काढू नकोस," नॉर्डन म्हणाले. "नकाशा आहे? दाखव की."

लोक हसले. बाबांचा नकाशा माझ्या शिवणयंत्राच्या खणात होता. नव्या भागात मला दुकान कबूल झाले होते. मी मान खाली घालून बसले.

दुसऱ्याच वसंतात खालच्या पाण्याने नव्या भागाची फरशी उचलली गेली. मग दर वर्षी. गेरिटनेच नळ तुंबवला, असे लोक म्हणू लागले, आणि अजून म्हणतात. दुकाने एकेक करून उठली, हमरस्त्यावर नवा मॉल झाला, आमच्या मॉलमधले सिनेमागृहही गेले. येत्या वसंतात सगळेच पाडणार आहेत.

माझ्यामागे नकाशा गेरिटला द्यावा आणि गावसभेत वाचावा, असे चौथ्या कलमात होते. वकील म्हणाले, "बाई, भाऊ चौऱ्याऐंशीचे. आधी तुम्हीच जाणार, हे कोणी सांगितलं?"

म्हणून आज सकाळी मी स्वतः गेले. गेरिटने नकाशा बराच वेळ पाहिला.

"चाळीस वर्षं कुठे होता हा?"

"खणात. यंत्राच्या."

"म्हणजे माझ्या पँटी याच्यावरच शिवत होतीस. बायको तुझ्याकडेच आणायची."

मी माफी मागितली. त्याने चष्मा पुसला.

"गुरुवारी सभा आहे, आर्डी. मी नाही वाचणार. तू वाचायचंस, उभं राहून. मी पुढे बसतो."

मी हो म्हटले. गेरिटला आता या कागदातून काहीच मिळायचे नाही, त्यामुळे साक्षीदार म्हणून त्याची सही चालते, असे वकील म्हणतात.

स्थळ: बर्चफील्ड. दिनांक: १२ नोव्हेंबर २०१९, मंगळवार.

आर्डिस हूकस्ट्रा (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. पेग बोनेमा, वकिलांच्या कचेरीत कारकून
२. गेरिट हूकस्ट्रा, भाऊ