चिंगीचं वेळापत्रक

४ मे, रविवार. अमरावती.
अबोली आज अकोल्याहून येऊन तिची मांजर सोडून गेली. नाव चिंगी. अबोलीला बारा दिवस पुण्याला ट्रेनिंग आहे. म्हणाली, बाबा, हिला नीट सांभाळलंत तर ‘अकोल्याला राहायला चला’ हा विषय मी कायमचा बंद करते. फेब्रुवारीत गॅसवर दुधाचं पातेलं जळालं आणि मी तेव्हा चौकात गप्पा मारत होतो, तेव्हापासून हा विषय रोज निघतो. एका पातेल्यासाठी माणसानं घर सोडायचं का? चौतीस वर्षं शाळेत पर्यवेक्षक होतो. नववी ड सांभाळली आहे.
जाताना तिनं फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं. सातला खाणं, पाणी बदलणं वगैरे. शेवटची ओळ: दार बंद ठेवणे. तिच्याखाली लाल रेघ. हसूच आलं.

५ मे, सकाळी ६.
संकल्प: आठवड्यात चिंगीला शिस्त. हाक मारली की येणे. कूलरसमोरची खाट माझी आहे हे समजणे.

५ मे, दुपारी.
खाटेवर चिंगी. मी खुर्चीवर. पहिल्याच दिवशी कडक वागणं बरं नव्हे. एक फोटो काढला.

७ मे.
पारा चव्वेचाळीस. चिंगी हाकेला येत नाही, पण एक कान हलवते. प्रोग्रेस आहे. शेजारच्या पार्वताबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, “सर, मांजरीले पाढे शिकवून राहिले काय?” दुर्लक्ष केलं. त्यांच्या गच्चीवर कुरडया वाळताहेत. मी दार बंद ठेवतो म्हणून त्या शाबूत आहेत, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

८ मे, दुपारी ३.१०.
चिंगी दिसत नाही. मी बाहेरून कूलरमध्ये पाणी भरत होतो. आत आलो तर खाट रिकामी. पुढचं दार बंद. खिडक्या बंद. मागचं दारही बंदच. त्यातून नळाचा पाइप बाहेर नेला होता, तेवढीच फट. ती धरण्यात अर्थ नाही. म्हणजे चिंगी घरातच आहे.

३.४०. कपाटं, माळा, पिठाचा डबा. नाही.

५.००. पिठाचा डबा पुन्हा पाहिला.

७.००. अबोलीचा फोन. चिंगी कशी आहे? म्हणालो, एकदम शांत. यात खोटं काही नाही.

९ मे.
घरात चार ठिकाणी दुधाच्या वाट्या ठेवल्या. तीन जशाच्या तशा. चौथीत माझाच पाय पडला. अबोलीनं फोटो मागितला. पाच तारखेचा पाठवला. लगेच अंगठा आला. पोर किती विश्वास ठेवते. वाईट वाटलं.

१० मे, दुपारी १.
डोक्याला दुपट्टा बांधून तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. पार्वताबाईंनी विचारलं, “सर, उन्हात काय धुंडून राहिले?” म्हणालो, चष्मा. “तो तं डोयावरच हाये तुमच्या.” हसल्या आणि आत गेल्या. बाई अलीकडे दूध जास्त घेतात. पाहुणे असतील.

१२ मे.
बसवत नाही. खुर्चीवरून खिडकीशी, खिडकीपासून मागच्या दाराशी. अबोलीची आई सुभद्रा गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय कुणाची चाहूल नव्हती. चार दिवस होती. आता भीती वाटते. मांजरीसाठी की घरासाठी, ते ठरत नाही.
अबोलीला मेसेज केला: चिंगी सातला जेवली. वेळापत्रकाप्रमाणे.

१५ मे, सकाळी.
अबोली उद्या येणार. डेअरीमागे एक पिवळं मांजर फिरतं. अगदी चिंगीसारखं. शेपूट अर्धी आहे, पण लांबून कळणार नाही.

१५ मे, सकाळी, जरा वेळानं.
हातावर तीन ओरखडे. बेत रद्द. शेवटी माणसाला तत्त्व असतं.

१६ मे.
अबोली आली. मागोमाग पार्वताबाई. त्यांच्या कडेवर चिंगी, चांगली गुबगुबीत. आठ तारखेला सव्वातीनला ती त्यांच्या स्वयंपाकघरात शिरली आणि साडेतीनला त्यांनी अबोलीला फोन केला होता. “मी तं लगेच सरले सांगतो म्हटलं. अबोलीच म्हणे, थांबा काकू, बाबा स्वतःहून सांगतील.” रोज फोटो जात होते. मी पाच तारखेचा पाठवला, तेव्हा तिच्याकडे त्या दिवसाचा ताजा होता.
अबोली रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, मांजर काय, कुणाच्याही हातून सुटते. पण तुम्ही आठ दिवस सांगितलं नाहीत, बाबा. उद्या घरात पडलात तरी ‘एकदम शांत’ म्हणाल.
तिनं दोन पिशव्या भरल्या. एक चिंगीची. दुसरीत माझे सदरे घालताना तिचे डोळे भरून आले, म्हणून मी चष्म्याचं घरही पुढे केलं.

२० मे. अकोला.
थोड्या दिवसांसाठी आलो आहे. अबोलीला नोकरी आणि मांजर दोन्ही एकटीनं झेपत नाही. इथल्या कूलरसमोरच्या खाटेवर चिंगी. मी खुर्चीवर. फ्रिजवर नवं वेळापत्रक लागलं आहे. सातला चिंगीचं खाणं, सव्वासातला बाबांची गोळी. शेवटची ओळ: दार बंद ठेवणे. खाली लाल रेघ. ती आमच्यापैकी कुणासाठी, ते लिहिलेलं नाही.