सतरा नंबरची खुर्ची

ता. ३ फेब्रुवारी

चि. मुकादमास,

अ. उ. आ. त्यातले दोन वहिनीला जास्त, कारण तुला सांभाळते ती.

पत्र मुद्दाम लिहितेय. फोनवर तू हो, बरं आणि ठेवतो या तीन शब्दांपुढे जात नाहीस. निवृत्त होऊन सासुरवाडीच्या गावी राहायला गेलास तसा आणखीच गप्प झालायस. तर बातमी अशी, की तुझ्या भाचीला आठवा महिना लागलाय आणि तिच्या बाळंतपणाला मी जातेय. विमानाने! जावयाने तिकीट पाठवलंय, तेही पुढच्या रुंद खुर्च्यांचं. माझ्या हाडांना एवढी रुंदी कशाला, असं मी त्याला विचारलं. तर म्हणे तीस वर्षं गादीकामाच्या यंत्रावर वाकून बसलात, आता गुपचूप पाठ टेका. पोरगा तसा कमी बोलतो, पण बोलला की मुद्द्याचं बोलतो.

खरी गंमत पुढेच आहे. या तिकिटावर विमान कंपनीच्या लाउंजमध्ये बसायला मिळतं. खायचं, प्यायचं, पाय पसरायचे, कोणी हटकायचं नाही. आणि लाउंज कुठलं? ज्याच्या बेचाळीस खुर्च्या आपल्या कारखान्यात झाल्या, तेच. करडं चामडं, कडेच्या शिवणीत निळ्या दोरीची पाइपिंग. अकरा वर्षं झाली, पण लेकीने चौकशी केली, खुर्च्या अजून त्याच आहेत. विमान चारचं आहे. तीन तास आधी आत घेतात. म्हणजे मंगळवारी दहा मार्चला बरोबर एक वाजता मी त्यांच्या दारात हजर.

तुझ्या गुडघ्याचं काय ते लिही. लोभ आहेच, वाढवायला जागा उरली असेल तर वाढव.

तुझी ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. भाचीची बातमी वाचून फार आनंद झाला. ही तर लगेच लोकर काढून बसली. गुडघा बरा आहे, जिने सोडले तर.

बाळंतपणाला तू जायलाच हवंस. पण त्या लाउंजचं मनावर घेऊ नकोस, असं मला वाटतं. तिथे येणारी माणसं वेगळी, त्यांची तऱ्हा वेगळी. दारावर अडवतात, कार्ड मागतात, यंत्रात काहीतरी घालायला सांगतात. तुझा स्वभाव मला माहीत आहे. कोणी वाकडं बोललं तर तू तिथेच पदर खोचून उभी राहशील आणि विमान निघून जाईल. शिवाय आत घोषणा ऐकू येत नाहीत, असं मी कुठेतरी वाचलंय. घरून पोटभर जेवून निघ आणि गेटजवळच्या बाकावर बस. बाक कडक असतो, पाठीला बरा.

आणि तरीही आत गेलीसच, तर या खुर्च्या आम्ही केल्या वगैरे तिथल्या लोकांना सांगत बसू नकोस. त्यांना त्याचं काय? जुन्या गोष्टी उकरण्यात अर्थ नसतो.

माझ्या सांगण्याचा राग मानू नये. आहे तो जिव्हाळा तसाच ठेवावा, ही विनंती.

तुझा धाकटा भाऊ

ता. १८ फेब्रुवारी

चि. मुकादमास,

अ. उ. आ. हे रीत म्हणून लिहिले. मनातून आज जरा कमीच आहेत.

एवढं लांबलचक पत्र लिहिलंस आणि त्यात खरं कारण कुठेच नाही. यंत्र आहे, घोषणा आहेत, कडक बाकही आहे. बारक्या, तू लहानपणीही असाच होतास. काच फुटली की पावसापाण्याचं बोलायला लागायचास. अकरा वर्षं आपण दोघं त्या एका गोष्टीच्या कडेकडेने चालतोय. आता मीच लिहिते.

शेवटची, बेचाळिसावी खुर्ची. दुपारचे तीन. यंत्राची सुई मोडली, दुसरी मिळेना, आणि माल संध्याकाळी जायचा होता. म्हणून खुर्चीच्या डाव्या हातावरची शेवटची शिवण मी सुईदोऱ्याने घातली. चामड्यातून सुई ओढून ओढून बोटं सुजली. धागा तोडून उठले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. समोर ती खुर्ची होती, तिच्यात बसले. तयार मालावर बसू नये, असं भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. मला वाचता येतं. तरी बसले. तेव्हा तू आलास. ताई म्हणाला नाहीस. सतरा नंबर, अशी माझ्या कामाच्या नंबराने हाक मारलीस आणि उठायला सांगितलंस. मी उठल्यावर तू ओलं फडकं घेतलंस आणि मी बसले होते ती जागा पुसलीस. सगळे बघत होते.

कारखान्यात सगळे तुला मुकादम म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे. त्या दिवसापासून घरीही म्हणायला लागले. तुला वाटलं, ताई थट्टा करते.

मला राग आला होता आणि तो अजून आहे. तो घेऊनच मी लाउंजमध्ये जाणार आहे. तिथलं सूप आणि कॉफी यासाठी मी जात नाही. मिळाली तर सोडणार नाही, ती गोष्ट वेगळी. मी त्या खुर्चीत बसायला जातेय. मन भरेपर्यंत बसणार आहे. तिथल्या लोकांची तऱ्हा वेगळी असेल, तर माझीही आहे. ती त्यांनी बघून घ्यावी.

वहिनीला लोकर पांढरी नको म्हणावं, मळते. बाकी लोभाचं तुझं तू ठरव.

ताई

ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र आल्यापासून चार वेळा लिहायला बसलो आणि चार वेळा फाडलं. हिने विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

मालक काचेच्या केबिनमधून बघत होते. बहिणीला सवलत देताना दिसलास तर दोघंही घरी बसाल, असं त्यांनी आदल्याच आठवड्यात मला सुनावलं होतं. हे तुला कळावं म्हणून लिहितोय, माझी बाजू म्हणून नाही. ऊठ म्हणणं मला भाग होतं, असं धरून चालू. पण फडकं भाग नव्हतं. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मालकांना दिसावं म्हणून ते मी माझ्या मनाने केलं. पाणीही मीच शिंपडलं होतं. ताई, मी चुकलो. अकरा वर्षं हे एवढं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

आणखी एक. प्रत्येक खुर्चीखाली काळ्या कापडावर शिवणाऱ्याच्या नंबराची पट्टी असते, तुला ठाऊकच आहे. दोष निघाला तर कोणाला बोलायचं ते कळावं म्हणून. ती खुर्ची पॅकिंगला जायच्या आधी मी उलटी केली आणि सतरा आकड्याखाली पेनाने एक रेघ ओढली. का ओढली, ते सांगता येत नाही. तुझ्यासमोर येऊन बोलायची छाती नव्हती. रेघेपुरतीच होती.

तू जा. एक वाजता काय, बारालाच जाऊन उभी राहा. आणि कोणीही ऊठ म्हटलं तरी उठू नकोस.

लोभ मागायला आज तोंड नाही.

बारक्या

ता. १५ मार्च, लेकीच्या घरून

चि. बारक्यास,

अ. उ. आ., आणि या वेळी मोजून पूर्ण.

पोचले. लेक ठीक आहे, बाळ अजून बाहेर यायचं नाव घेत नाही. आईच्या मामावर गेलंय. आता बैजवार सांगते.

एकला पाच मिनिटं कमी असताना दारात उभी राहिले. काउंटरवरच्या गणवेशातल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या कापडी पिशवीकडे पाहिलं, आणि बसायचे बाक खालच्या मजल्यावर आहेत असं गोड आवाजात सांगितलं. पास बघायच्या आधीच! मी तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी यंत्रावर धरला तर लाल दिवा. पुन्हा धरला, पुन्हा लाल. त्यांच्या मते माझ्या पासावर आत जाता येत नव्हतं. मी म्हटलं, येतं. आणि तीस वर्षं यंत्रावर बसलेली बाई आहे, यंत्र कधी ऐकत नाही ते मला कळतं, पास इकडे द्या. झालं होतं काय, की मी तो चार घड्या घालून पाकिटात ठेवला होता आणि घडी नेमकी त्या काळ्या रेघांवरून गेली होती. चूक माझीच, पण त्यांना कशाला सांगू? काउंटरवर ठेवला आणि शिवण दाबतो तसा अंगठ्याच्या नखाने घासून सपाट केला. हिरवा दिवा! मी पिशवी उचलली आणि पुढच्या दाराने आत गेले. मागे चार सुटाबुटातले खोळंबले होते. खोळंबू देत.

आत गेल्यावर क्षणभर पाय थांबले, खोटं कशाला बोलू. आपल्या सगळ्या खुर्च्या एका जागी मी कधी पाहिल्याच नव्हत्या. कारखान्यात चार झाल्या की चार जायच्या. इथे मोठ्या खिडकीपर्यंत रांगच्या रांग. अकरा वर्षं माणसं बसतायत आणि एक शिवण उसवलेली नाही. मला फार अभिमान वाटला. तुझाही वाटला, तपासायचास तू.

मग मी एकेका खुर्चीच्या डाव्या हातावरून अंगठा फिरवत निघाले. माणसं पेपर खाली करून बघायला लागली. तिथे वाढणारी एक मुलगी धावत आली आणि काय हरवलंय म्हणून विचारलं. माझं काही हरवलेलं नाही, खुर्ची शोधतेय, असं सांगून मी पुढे चालू लागले. एकेचाळीस खुर्च्या झाल्या, सगळ्या यंत्राच्या शिवणीच्या. उरली खिडकीजवळची एक. तिच्यात एक लठ्ठ गृहस्थ घोरत होते, डावं कोपर नेमकं माझ्या शिवणीवर.

त्या मुलीला तोवर मी सगळी गोष्ट सांगितली होती. ती चांगली निघाली. त्यांना उठवून दुसरीकडे बसवते, असं तिने स्वतःहून सांगितलं. आणि बारक्या, माझ्या तोंडून हो बाहेरच पडेना. एवढ्या तावात आले होते, पण त्या खुर्चीतून माझ्यासाठी कोणाला उठवायचं म्हटल्यावर ते मला जमेना. मी तिला बजावलं, त्यांना हात लावायचा नाही, मी थांबते.

समोरच्या खुर्चीत बसले. पाइपिंग जरा तिरकी होती, नऊ नंबरवालीची असणार. सूप घेतलं. पुन्हा घेतलं. पाव, लोणी, कापलेली फळं, दोन कप कॉफी. सगळं कोणी मोजत नाही आणि कोणी बघत नाही. पाय ठेवायला गुबगुबीत चौरंगासारखं काहीतरी होतं, त्यावर दोन्ही पाय ठेवले, चपला काढून. कोण काय म्हणतंय बघूच, असं मनात म्हणत होते. कोणी काहीच म्हणालं नाही. थोडी निराशाच झाली.

पावणेतीनला गृहस्थ उठले. त्यांची पाठ वळायच्या आत मी खुर्ची उलटी केली. ती मुलगी एका बाजूने धरायला आली. काळं कापड, पट्टी, त्यावर सतरा. आणि खाली रेघ. फिकी झालीय, पण आहे. वाकडी आहे. तुझा हात कापत होता का रे?

मग सरळ केली आणि बसले. पाठ पूर्ण टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर. पंचवीस मिनिटं. काही केलं नाही, काही खाल्लं नाही. रडले थोडी. विमानाची सूचना झाली, पुन्हा झाली, मी बसून होते. तिसऱ्यांदा झाल्यावर उठले, आपणहून.

उठले तशी सफाईवाली फडकं घेऊन आली. तिचं कामच ते, गृहस्थ उठल्यावरही पुसणार होती, पण मी आधी जाऊन बसले. तरी मी तिचा हात धरला आणि सांगितलं, की मी दाराबाहेर जाईपर्यंत राहू दे, मग पूस. ती हसली आणि फडकं खांद्यावर टाकून उभी राहिली. दारातून वळून पाहिलं तर तशीच उभी होती.

राग होता तेवढाच आहे का म्हणून मीही शोधून पाहिला. सापडेना. खाली बसून नीट शोधेन कधीतरी. पण एक ऐक. या तिकिटावर त्याच विमानाने जाणाऱ्या एकाला लाउंजमध्ये सोबत नेता येतं. बाळ बसायला लागलं की मी पुन्हा इकडे येणार आहे. गुडघ्याची सबब चालणार नाही, तिथे लिफ्ट आहे.

लोभ आहे. उसवलेला नाही, मी पाहून आलेय.

तुझी ताई

ता. २६ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. मुलगी झाल्याचं कळलं. मामावर गेलेली नाही, ही आनंदाची गोष्ट. हिने विणलेलं पिवळ्या लोकरीचं स्वेटर तयार आहे.

तुझं पत्र हिने मोठ्याने वाचलं आणि मी ऐकलं. मग मी एकट्याने वाचलं. हो, हात कापत होता.

तुला एक माहीत नसेल. एकतीस वर्षं मी त्या कारखान्यात तयार माल तपासला, पण एकाही खुर्चीत कधी बसलो नाही. पाटी मलाही लागू होती. जे बसून बघायचं ते हाताने दाबून बघायचो. त्या खुर्च्या बसायला कशा आहेत, हे मला आजही माहीत नाही.

मी येतो. भाचीला कळवलंय, तुझ्याच विमानाचं तिकीट घ्यायला. पिशवी मी धरीन, पास तू दे. आत गेल्यावर तू आधी बस. हवं तेवढं बस, सूप पी, पाय पसर. मी शेजारी उभा राहीन. तुझं बसून झालं की मला सांग, मग मी बसेन. घाई करू नकोस.

बारक्या