काना म्हणजे उजव्या हाताचं मधलं बोट

बाई, आधी चांगली बातमी देतो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल. तुमचं लिखाण सापडलं आहे. ते हरवलं कसं हे सांगतो, आणि सापडल्यावर काय हाती आलं तेही. हजारभर माणसांसमोर कागद न घेता तासभर बोलणारा मी आज हे तुम्हाला लिहून सांगतो आहे.

मंगळवारी सकाळी डोंबिवलीहून तुमच्या भाचीचा फोन आला. आपल्या टायपिंग क्लासची ठाण्यातली टेंभी नाक्याजवळची इमारत पाडायला काढली आहे. पाडण्याआधी तुमच्या विद्यार्थिनींनी रविवारी तिथे एकदा जमायचं ठरवलंय, आणि तुमच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका सगळ्यांच्या हातात द्यायची आहे. "दादा, शेवटी तुम्ही बोलायचं. तुमच्या आधी दिवा गावच्या ताई बोलतील, त्या कोर्टातून रिटायर झालेल्या. आणि आत्याने तुम्हाला सांगितलेलं ते सगळं तुमच्याकडेच आहे ना? आमच्याकडे एक कागद नाहीये. शुक्रवारी छापायला द्यायचंय." मी म्हटलं, "अगं, आहे म्हणजे काय! आत्ता पाठवतो." त्या 'आत्ता'ची मला आज लाज वाटते.

फोन ठेवून कॉम्प्युटर लावला तर पडद्यावर गोल फिरणारे ठिपके. अपडेट चालू आहे, बंद करू नका. पाऊण तास मी त्या ठिपक्यांकडे बघत बसलो. मग अक्षरं उमटली की माझा कॉम्प्युटर आता अधिक सुरक्षित झाला आहे. मी आपलं जुनं मराठी सॉफ्टवेअर उघडायला गेलो, तर ते उघडेना. एक चौकट आली, हा प्रोग्रॅम या आवृत्तीवर चालू शकत नाही, आणि खाली एकच बटण, ठीक आहे. बाई, काय ठीक आहे? पंचवीस वर्षं मी त्याच्यात लिहिलं. दिव्याच्या पाण्यासाठीचा प्रत्येक अर्ज, प्रत्येक पत्रक, प्रत्येक भाषणाचे मुद्दे त्याच्यात. आणि तुमची बेचाळीस पानं. ती फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये कशीबशी उघडली आणि मी खुर्चीतच मागे सरकलो. मराठीचं एक अक्षर शिल्लक नव्हतं. इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, चौकोनी कंस, मध्येच स्वल्पविराम. ओळखीच्या माणसाने बोलायला तोंड उघडावं आणि नुसते आवाज बाहेर पडावेत, तसं ते दिसत होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तसंच.

कळव्यातच दुकान असलेले एक दुरुस्तीवाले आले. चाळिशीचे, शांत गृहस्थ. मी त्यांना दारातच भाषण दिलं. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मला न विचारता शिरून माझी भाषा पुसायचा अधिकार यांना कुणी दिला? त्यांनी ऐकून घेतलं, चहा घेतला आणि म्हणाले, "काका, तुम्हीच दिलात. रोज विचारतं ना ते? तुम्ही नंतर, नंतर करत राहिला असणार, आणि एके दिवशी कंटाळून ओके दाबलेलं असणार. सगळेच करतात." खरं होतं. सोमवारी निवेदन लिहिताना मी न वाचताच काहीतरी दाबलं होतं.

"मग मागे न्या त्याला."

"नेऊन बघितलं. नाही जात. आणि हे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीच बंद झालेली, काका. भांडणार कोणाशी?"

मग त्यांनी जे समजावलं ते ऐकायला तुम्ही हव्या होतात. म्हणे त्या सॉफ्टवेअरने मराठी कधी साठवलीच नव्हती. आपण मराठी अक्षराची कळ दाबली की आत त्या कळीवरचं इंग्रजी अक्षर जाऊन बसायचं, आणि पडद्यावर त्याला मराठीचा मुखवटा चढायचा. अपडेटने मुखवटा तेवढा काढून घेतला. "म्हणजे मी पंचवीस वर्षं इंग्रजीत लिहीत होतो?" "तसंच समजा." मराठी पाट्यांसाठी दुकानांसमोर घसा फोडणाऱ्या माणसाला हे त्याच्याच घरात ऐकावं लागलं! तुम्ही तोंडाला पदर लावून हसला असतात. जुनी मराठी नव्यात बदलणारं त्यांच्याकडे काहीतरी होतं, पण त्याला आपला फॉन्ट ओळखूच आला नाही. निम्मी अक्षरं गाळली, उरलेल्यांची खिचडी केली. "छापलेली कॉपी असेल ना एखादी?" त्यांनी विचारलं. नव्हती. तुम्ही मागितली होती. "कागदावर काढून दे रे. डोळ्यांना नाही दिसलं तरी हाताला कळतं." आणि मी म्हणालो होतो, शुद्धलेखन तपासून एकदमच देतो, बाई. मग तुम्ही गेलात, त्याला बारा वर्षं झाली. ती फाईल मी एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेत राहिलो. उघडली कधीच नाही.

ते रविवार मला स्वच्छ आठवतात. तुमच्या डोंबिवलीच्या घरातला स्वयंपाकघराचा ओटा, त्याच्याजवळ खिडकीखाली मी लॅपटॉप घेऊन बसलोय, तुम्ही पाटावर बसून शेंगा सोलताय. दिसत नाही म्हणून हात थांबलेले नाहीत. तुम्ही सांगताय, मी टाइप करतोय. तुमच्या तोंडून वाक्य पूर्ण व्हायच्या आत माझं टाइप झालेलं असतं. तुम्ही म्हणता, "वेग नाही गेला हं तुझा," आणि मी मनातल्या मनात त्या संध्याकाळच्या सभेची जुळवाजुळव करतोय. वेग जाईल कसा? तुमच्या हाताखाली मराठी तीसची, मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा दिली होती मी. कळांकडे बघितलं की तुम्ही हातांवर निळ्या चौकड्यांचा पंचा टाकायचात. "डोळे मजकुरावर. आणि मजकूर बोटांतून जाऊ दे, डोक्यातून नको. डोक्यात शिरला की माणूस अर्थ लावत बसतो आणि चुकतो." हे वाक्य तुमच्या प्रत्येक बॅचने ऐकलेलं आहे.

तर बुधवारी सकाळी मी त्या गिचमिडीचे कागद छापून टेबलावर पसरले होते, आणि नुसता त्यांच्याकडे बघत होतो. पानभर एकच अक्षर पुन्हा पुन्हा येत होतं. के. दर दोन-तीन अक्षरांमागे के. आणि बाई, माझं उजव्या हाताचं मधलं बोट टेबलावर आपोआप हललं. के म्हणजे काना! त्या कळीवर टाइपरायटरला काना असतो, अर्धा ण मारून के मारला की पुरा ण होतो. मला ते वाचता येत नव्हतं, पण माझ्या बोटांना येत होतं. मी दुरुस्तीवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, नव्या मराठीतही जुन्या टाइपरायटरचा कीबोर्ड मिळतो, लगेच चढवून देतो. दिला. मग मी कागद डावीकडे ठेवला, जसा क्लासमध्ये ठेवायचो, आणि दिसेल ती इंग्रजी कळ मारत सुटलो. डॉलर तर डॉलर, कंस तर कंस. पडद्यावर पहिलं वाक्य आलं, 'माझ्या वडिलांना मुलीने मशीनवर बसलेलं आवडत नव्हतं, शिलाईचं असो की टायपिंगचं.' मी ओरडलोच. घरातले धावत आले.

बुधवार गेला, गुरुवारची दुपार झाली. तुमचं पहिलं भाड्याचं मशीन आलं, जिन्यावरून ते चढवणारे हमाल आले, परीक्षेच्या दिवशी रिबन तुटलेली मुलगी आली. हे सगळं मीच टाइप केलं होतं आणि यातलं अक्षरही मला ठाऊक नव्हतं. पस्तिसावं पान मी तसंच्या तसं इथे उतरवतो.

'आमच्या संध्याकाळच्या बॅचला एक मुलगा शिकवायचा. बोलायचा फार छान. नवरात्रात नाक्याजवळच्या मंडपात त्याचं भाषण होतं म्हणून मी दोन विद्यार्थिनींना घेऊन गेले. बसायला जागा नव्हती, आम्ही प्रसादाच्या टेबलापाशी उभ्या होतो. तो म्हणाला, हे टायपिंगचे क्लास म्हणजे गुलाम घडवायचे कारखाने आहेत. इथे शिकवतात, मजकूर बोटांतून जाऊ द्या, डोक्यातून नको. लोक हसले. टाळ्या पडल्या. माझ्याबरोबरची एक मुलगी दिव्याहून यायची. पहाटे पाणी भरून, भाकऱ्या करून मग क्लासला. तिने मला विचारलं, बाई, हे आपल्याबद्दल बोलतायत का? मी म्हटलं, नाही गं. इतकं खोटं मी कधी बोलले नाही. ती पुढे कोर्टात टायपिस्ट झाली, दोन भावांना शिकवलं. गुलाम म्हणे. तो मला दुसऱ्या दिवशी येऊन काही बोलेल असं वाटलं होतं. पण आम्ही तिथे होतो हे त्याला माहीतच नव्हतं. तुला माहीत नव्हतं. ऐकतोयस ना? नाही ऐकत. बोटं थांबली नाहीत म्हणजे नाहीच. बरं झालं. माझंच शिकवणं माझ्या कामाला आलं. पुढचा परिच्छेद घे.'

या वेळी बोटं थांबली, बाई. 'तुला'पाशीच थांबली. उरलेल्या दोन-तीन ओळी पूर्ण करायला मला संध्याकाळ झाली; पुढची सात पानं रात्री जागून उतरवली.

तुम्ही हे माझ्यासमोर बसून, हातभर अंतरावरून, मला ऐकू येईल अशा आवाजात सांगितलंत. आणि मी ते एकही चूक न करता टाइप केलं. 'ऐकतोयस ना' हेसुद्धा केलं, प्रश्नचिन्हासकट! मला आता आठवतं, किंवा आठवतं असं वाटतं, की मी मान वर न करता म्हणालो होतो, "घेतला. पुढे?" तुम्ही मूठभर शेंगा परातीत टाकल्यात आणि पुढे सांगू लागलात. अपडेटने माझी भाषा न विचारता पुसली म्हणून मी दारात उभं राहून गरजत होतो, आणि इथे एक माणूस अनेक वर्षं मनात ठेवलेलं माझ्यापुढे मांडत होतं तेव्हा मी न वाचता ओके दाबत बसलो होतो.

ते भाषण मला आठवतं. ते माझं पहिलं गाजलेलं भाषण. मी सव्वीस वर्षांचा होतो, जे काही वाचलं होतं ते सगळं त्या अर्ध्या तासात ओतलं होतं, आणि तुमचं ते वाक्य मी मुद्दाम तुमच्या आवाजात, मान तिरकी करून म्हटलं होतं. हे तुम्ही पानात लिहिलेलं नाहीत. तुम्ही पाहिलं तर असणारच. क्लासमधून मिळणाऱ्या पगारावर जगून मी त्याच क्लासला कारखाना म्हटलं होतं, आणि मंडपापासून क्लासचा जिना दोनशे पावलांवर होता. मुद्दा चूक होता असं मी आजही म्हणणार नाही. दुसऱ्याचं वाक्य डोकं बंद ठेवून पुढे ढकलणाऱ्यांनीच या देशात पुष्कळ वाटोळं केलं आहे. पण समोर कोण उभं आहे हे न बघता बोलणं हे त्याच जातीचं डोकं बंद ठेवणं आहे, हे मला साठीला आल्यावर, तुमच्या पस्तिसाव्या पानावर कळलं. दिव्यात हंडे घेऊन रस्त्यावर बसलेल्या बायकांपुढे मी वर्षानुवर्षं बोलतोय. पाणी भरून क्लासला येणाऱ्या त्यांच्यातल्याच एकीला मी टाळ्यांसाठी गुलाम ठरवलं होतं.

त्या नवरात्रानंतर आठवड्याभरात मी क्लास सोडला, तेव्हा तुम्ही मला तो निळ्या चौकड्यांचा पंचा दिलात, धुऊन, घडी घालून. म्हणालात, "भाषणात बोटं फार नाचवतोस. झाकायला ठेव." मी किती हसलो होतो! घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, आमच्या बाई म्हणजे विनोदी. तो पंचा अजून आहे. काल शोधून काढला, हातांवर टाकून पाहिला आणि परत घडी घालून ठेवला.

रविवारी दिव्याच्या ताई आधी बोलणार आहेत, त्यांच्यानंतर मी. त्यांना मंडपातलं आठवत असेल की तुमच्या 'नाही गं'वर त्यांनी विश्वास ठेवला असेल, मला माहीत नाही. ते पान मी स्वतः, त्यांच्यासमोर, मोठ्याने वाचणार आहे. मान तिरकी केली होती तेही सांगणार आहे. भाषणाचे मुद्दे काढलेले नाहीत. आयुष्यात प्रथमच मला बोलायची भीती वाटते आहे.

हे पत्र पाठवायचं कुठे? छापून तुमच्या फाईलमागे लावून ठेवतो. कागद असला की हाताला कळतं.

एकच सांगायचं राहिलं. आज सकाळी मी भाचीला पानं पाठवली. अर्ध्या तासाने तिचा फोन आला. "दादा, चौतिसानंतर एकदम छत्तीस आहे हो. एक पान राहिलं का?" मी म्हटलं, "राहिलं वाटतं गं, पाठवतो," आणि लगेच पाठवलं. बाई, ते राहिलं नव्हतं.