न दिसलेला पांढरा ठिपका

तुलारोसा, न्यू मेक्सिको
रविवार, ता. ९ ऑक्टोबर १९४९

प्रिय कन्या देल्फिना हिस, वडिलांचा आशीर्वाद.

येथे सर्व यथास्थित आहे. मिरच्या दारावर वाळत आहेत. तुझी तांबडी शेळी व्याली. तू या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाहीस, असा तुझा निरोप मावशीकडून पोहोचला. माझी तक्रार नाही.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील. पट्टी ठेवून अंदाजाने लिहीत आहे.

लष्करी तळावरचे आमचे काम तुला ठाऊक आहे. तरीही क्रमाने लिहितो, कारण हे पत्र तू सर्वांना दाखवावेस. अग्निबाण साठ मैल वर जातो. परतताना आतील सुरुंग उडून त्याचे टोक तुटते, म्हणजे यंत्रे हळू पडून शाबूत राहतात. त्या क्षणी आकाशात धुराचा पांढरा ठिपका दिसतो. तो पाहण्यासाठी टेकडीवर दुर्बीण घेऊन मी असे. ठिपका दिसला, तर तुझ्या नवऱ्याने, सिल्व्हेरिओने, जीप घेऊन यंत्रे आणायची. न दिसला, तर सुरुंग जिवंत आहे असे समजून, जाणकार येईपर्यंत कोणीही जवळ जायचे नाही.

गेल्या हिवाळ्यापासून माझ्या दोन्ही डोळ्यांवर साय धरली आहे. हे मी कोणास सांगितले नाही. चौथी शिकलेल्या मला ते काम केवळ नजरेमुळे मिळाले होते.

त्या सकाळी तुझा नवरा हसत म्हणाला, "काय सासरेबुवा, आज गरुड की घुबड?"

"तुझ्या जन्माआधीपासून या डोळ्यांनी हरवलेली गुरे शोधली आहेत. जीप सांभाळ."

बाण गेला. मला सर्वत्र केवळ उजेड दिसत होता. तीन इंजिनियर माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"दिसला का हो?" सिल्व्हेरिओने विचारले.

"दिसला."

"नक्की ना? नाहीतर उद्या जातो. देल्फिनाला सांगतो, तुझ्या बापानं थांबवलं!"

"एकदा सांगितले ना! नीघ."

तो गेला. पुढचा आवाज तू गावातही ऐकलास.

चौकशीत मी सांगितले, "जावई उतावळा होता." तसेच लिहिले गेले, आणि गावही तेच बोलते. देल्फिना, त्याने दोनदा विचारले होते. उतावळा माणूस दोनदा विचारीत नाही.

काल साहेबांकडे जाऊन दुर्बीण परत केली व खरे ते सांगितले. ते म्हणाले, "आता कशाला, आजोबा? फाइल बंद झाली." म्हणून आज प्रार्थनेनंतर चर्चमध्ये उभा राहून सर्वांसमक्ष बोललो. दाराशी सिल्व्हेरिओची आई होती. तिने माझा हात धरून मला पायऱ्या उतरवल्या आणि खाली आल्यावर सोडला.

तू यावेस, असे मी लिहीत नाही. एवढेच कर, हे पत्र जपून ठेव.

ज्यास काहीच दिसले नव्हते, असा तुझा पिता,
एलेउतेरिओ