दुसऱ्या खणातला चिमटा

दि. ९ मार्च

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. मायन्यात काय लिहावं यातच सकाळ गेली. शेवटी सवयीचं तेच लिहिलं. पटत नसेल तर खोडून टाक, मी काही बघायला येत नाही.

इकडे आम्ही बरे आहोत. हिचा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो आणि नेमकी आपल्या इमारतीची लिफ्ट बंद. ज्या माणसाची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली त्याच्या घरी ही तऱ्हा! कंपनीचा नवा मेकॅनिक येतो, मोबाइलमध्ये बघतो, मान हलवतो आणि जातो. मी मध्ये बोललो तर म्हणतो, "काका, तुम्ही बसा." बसलोय.

तुझ्या भावाचा फोन आला होता. रविवारी तो गिटार न्यायला येणार. अवश्य यावं. वस्तू तुझी, तुझ्याकडेच असावी. पण तारा नव्या दिसतील आणि तुला प्रश्न पडेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. तुझी गिटार मी वाजवतोय. वाजवतोय कसला, कुठे कोणता स्वर आहे ते पाठ करतोय. न विचारता घेतली, रागावू नकोस.

झालं असं की निवृत्त माणसाला दुपार खायला उठते. गिटारच्या पिशवीत तुझं शिकायचं पुस्तक सापडलं. त्यात दांडीचं चित्र, सहा तारा, आडव्या पट्ट्या आणि दोन पट्ट्यांमधल्या प्रत्येक खणात स्वराचं एक इंग्रजी अक्षर. बघितलं आणि म्हटलं, अरेच्चा, ही तर आपली लिफ्ट! तार म्हणजे लिफ्ट, खण म्हणजे मजला, मोकळी तार म्हणजे तळमजला. सगळ्यात जाड तारेवर तळमजल्याला ई, पहिल्यावर एफ, तिसऱ्यावर जी. बसलो घोकत.

एकच गोष्ट खटकत होती. पुस्तकातल्या चित्रात दांडीवरच्या खुणेचा पहिला ठिपका तिसऱ्या खणात, आणि आपल्या गिटारवर पहिल्यातच. म्हटलं कारखान्यात चुकलं असणार, हल्ली लक्ष कोण देतं! हिला दाखवलं तर म्हणाली, "काहीही वाजवा, घरात आवाज तरी होतो." एवढं बोलून भाजी चिरायला गेली.

सहाही तारा पाठ झाल्यावर कोपऱ्यावरच्या क्लासात गेलो. शिकवणारी मुलगी तुझ्याच वयाची असेल. म्हणाली, "काका, जाड तारेवर जी दाखवा बरं." मी ऐटीत दाबला.

"हा ए आहे."

"जी आहे. तीन मजले मोजून घे."

तिने मजले मोजले नाहीत. बोट दाखवून म्हणाली, "आणि हा कॅपो कशाला लावून ठेवलाय?"

तो चिमटा गं. दुसऱ्या खणात सगळ्या तारा आवळून बसलेला. मला वाटायचं तो गिटारलाच जोडलेला आहे. त्याच्या मागचे दोन खण म्हणजे तळमजल्याखालचा लिफ्टचा खड्डा, असं धरून मी त्याच्यापासून मोजत होतो. ती म्हणाली, स्वर चढवायला तो लावतात आणि वाजवून झालं की काढतात. म्हणजे लिफ्टवाल्याने दुसऱ्या मजल्याला तळमजला ठरवलं! नोकरीत असतो तर घरीच बसवलं असतं. ती हसली, मीही हसलो. हसता हसता तिने चिमटा दाबला आणि काढून टाकला.

माझं डोकंच फिरलं. "विचारून तरी काढायचा!" मी जरा जोरातच बोललो. ती बिचारी गोंधळली. तिची काहीच चूक नव्हती. तारांवर वळ उठले होते, इतके महिने कुणी तो तसा ठेवत नाही म्हणे. नव्या तारा तिनेच बसवून दिल्या. मी माफी मागितली, पण घरी येईपर्यंत मला बरं वाटत नव्हतं.

तो चिमटा तू लावला होतास. त्या दुपारी तू खिडकीशी वाजवत बसली होतीस. चिरंजीव लवकर घरी आले, आत तुमचं बोलणं सुरू झालं आणि वाढत गेलं. गिटार पलंगावरच राहिली आणि तू बॅग घेऊन निघालीस. नंतर हिने ती उचलून कोपऱ्यात ठेवली. रोज पुसते, पण चिमट्याला कधी हात लावला नाही. तू गाणं अर्ध्यावर सोडून उठलीस आणि आम्ही ते तसंच्या तसं ठेवलं होतं, आम्हालाही न कळता.

आता तळापासून नीट मोजतो. परवा त्या मुलीने नवीन दाखवलं. जाड तार पाचव्या खणात दाबली की जो स्वर निघतो, तोच शेजारची तार मोकळी सोडली की निघतो. जागा वेगळी, लिफ्ट वेगळी, स्वर तोच. मी ते पुन्हा पुन्हा वाजवून बघितलं. फार बरं वाटलं. का, ते सांगत बसत नाही.

कागदांवर सह्या झाल्याचं चिरंजीवांनी चहा पिता पिता सांगितलं, वीजबिल भरून आल्यासारखं. तुमचा निर्णय तुमचा, त्यात मी पडणार नाही. पण तुमचं दोघांचं संपलं म्हणून आमचं आपोआप संपतं का, हे मला कुणी विचारलं नाही. मी तर कशावरच सही केलेली नाही. तू घरात नाहीस याचं मला वाईट वाटतं. एवढं सरळ लिहायला मला इतकी पानं लागली.

रविवारी भाऊ आला की गिटार, पिशवी, पुस्तक सगळं नीट बांधून देईन. चिमटा मात्र देणार नाही. पोस्टानेही पाठवणार नाही. तो माझ्या खिशात आहे, हवा असेल तर तुला स्वतः यावं लागेल. मंगळवारी आणि शुक्रवारी चिरंजीव उशिरा येतात. लिफ्ट बंदच असेल, सावकाश चढ.

मायना खोडलास तरी चालेल. खालची सही तेवढी राहू दे.

तुझे,
बाबा