रहाटाचा दोष नव्हता

माणिकपूर,
१२ ऑक्टोबर

प्रिय मटिल्डा,

(आधी ‘आदरणीय’ लिहिलं होतं. स्टेफी म्हणाली, आजी, नणंदेला आदरणीय लिहिलंस तर तिला वाटेल तुला काहीतरी हवंय. म्हणून खोडलं.)

देवाच्या कृपेने आणि सकाळच्या दोन गोळ्यांच्या कृपेने मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? नंदाखालच्या देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणे आता. मला सगळं कळतं. मासळीवाली बायजा आपल्या दोघींकडे येते. ताजी मासळी ती तुला देते आणि ताज्या बातम्या मला. दीड वर्ष तू माझ्याशी बोलली नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही, घर जरा शांतच राहिलं. पण हा कागद चुलीत घालण्याआधी शेवटपर्यंत वाच. चौथी शिकलेल्या बाईने चार दिवस बसून लिहिला आहे.

तुझा भाऊ गेला त्या दिवशी तू त्याचा लग्नातला कोट इस्त्री करून घेऊन आलीस, पेटीत घालायला. आणि इथे ना पेटी, ना भाऊ. मेडिकल कॉलेजची गाडी अर्ध्या तासापूर्वी त्याला घेऊन गेली होती. तू कोट खुर्चीवर टाकलास आणि पंधरा माणसांत म्हणालीस, माझ्या भावाला मासळीसारखा कापायला दिलास. पण मटिल्डा, तो फॉर्म माझा नव्हता. रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर देवळात एका डॉक्टरीणबाईने देहदानावर भाषण केलं, आणि हा भोळा सांब खुर्च्या उचलायच्या सोडून सही करून आला. मी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाला, फ्लॉसी, जन्मभर तूच ओरडतेस ना, की हा माणूस कुणाच्या कामाला आला नाही म्हणून? ओरडत होते खरी.

मग गेल्या वर्षीचा दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस आला. सगळं गाव फुलं, मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत. मीही गेले, सवयीने. गेल्यावर लक्षात आलं की आपलं इथे कुणीच नाही. हातात झेंडूची पिशवी आणि मेणबत्त्यांचा पुडा. परत आणायच्या तर स्टेफीने विचारलं असतं. मग कोपऱ्यात एक कबर दिसली, गवत माजलेली, तिच्यावर फुलं ठेवली, दोन मेणबत्त्या लावल्या आणि मुकाट्याने आपल्या म्हाताऱ्यासाठी प्रार्थना म्हणत उभी राहिले. एवढ्यात मागून एक बाई आली, ॲनी म्हणून. ती कबर तिच्या नवऱ्याची. पायाचं हाड मोडल्याने तिला वर्षभर येता आलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुमची यांची ओळख कधीची? मी शपथेवर सांगितलं, मी या माणसाला जन्मात पाहिलेलं नाही. ती म्हणाली, ते पण असंच सांगायचे. आता माणिकपूरच्या बाजारात ती मला बघून रस्ता बदलते. त्र्याहत्तराव्या वर्षी माझ्यावर हे बालंट, आणि तेही मेलेल्या माणसावरून.

तर गेल्या शनिवारी त्या कॉलेजातून बोलावणं आलं. डॉक्टर होणाऱ्या मुलांचा सत्कार होता, दया आणि समाजसेवा यांबद्दल. (दयेला बक्षीस मिळतं हे मला नवीन. आपल्या वेळी दया केली की घरच्यांच्या शिव्या मिळत.) ज्यांनी देह दिले त्यांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. मी जाणार नव्हते. स्टेफीने बँकेतून रजा काढली आणि मला गाडीत कोंबलं. चिंचोटीपाशी गाडी जी अडकली ती दीड तास हलली नाही. पोचलो तेव्हा कार्यक्रम सुरू झालेला, आणि स्टेफी गाडी लावायला गेलेली असताना मला कुणीतरी नेऊन बक्षीसवाल्या मुलांच्या आईबापांत बसवलं. शेजारी एक सुटाबुटातला गृहस्थ. विचारतो, आजी, तुमचं कोण आहे इथे? म्हटलं, नवरा. तो जरा सावरून बसला. म्हणे, शिकायला? म्हटलं, छे, शिकवायला. म्हणे, कुठला विषय? म्हटलं, आडवा पडून असतो, ज्याला जे हवं ते त्याने शिकावं. त्यानंतर तो त्याच्या बायकोच्या पलीकडे जाऊन बसला. पण मी खोटं बोलले नव्हते. स्टेजवरची बाई तेच सांगत होती, की हे आमचे मूक शिक्षक. मटिल्डा, चौथीत दोनदा नापास झालेला तुझा भाऊ मेल्यावर एकदम मेडिकल कॉलेजात मास्तर झाला. मूक मात्र तो आधीपासून होता, माझ्यापुढे.

पाच मुलांना बक्षिसं होती. चौघांचे मोठे मोठे फोटो पडद्यावर दाखवले. पाचवी तेजस्वी नावाची मुलगी, आपल्या खाडीकडच्या काळूरामची, बाप भात लावतो. ती दर रविवारी कामणच्या वीटभट्ट्यांवर जाऊन मजुरांच्या पायांच्या जखमा धुते. फोटो एकही नाही. फोटो काढायला कोण जाणार तिथे? तिला बोलायला उभं केलं, तर भट्टीचं राहिलंच बाजूला. म्हणाली, जखमेला हात लावायला मी शिकले ते आमच्या टेबलावरच्या सरांकडून. पहिल्या दिवशी सगळी मुलं भ्यायली होती, चेहऱ्याकडे कुणी बघेना. मी त्यांचा हात धरून उभी राहिले, मग भीती गेली. रोज काम झालं की ओलं फडकं गुंडाळावं लागतं, तो हात मी सगळ्यांत शेवटी गुंडाळायची. आमच्या सरांची डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. ती कशी गेली यावर आम्ही वर्षभर भांडलो. एक म्हणे कारखान्यात, एक म्हणे लढाईत. सरांना विचारता येत नाही, एवढंच वाईट वाटतं.

मटिल्डा, आता खाली बस. बसलीस?

मी उठले. कुणी बोलावलं नव्हतं. स्टेफी पदर ओढत होती. मी तिथूनच ओरडून सांगितलं, पोरी, कोयत्याने गेली, आणि माझ्यामुळे गेली. सगळा हॉल वळून बघायला लागला. मग मला माइक दिला, आणि जे मी फादरांना कधी सांगितलं नाही ते तीनशे परक्या माणसांना सांगितलं. लग्नाला तीन महिने झाले होते. तो विहिरीपाशी केळीचा घड कापत होता. मी कशाला भीत नाही म्हणून सकाळपासून मिरवत होता. मी मागून हळूच गेले आणि ‘साप!’ म्हणून किंचाळले. गंमत म्हणून. एकोणीस वर्षांची अक्कल. कोयता खाली आला तो बोटावर. आणि रक्ताळलेलं बोट धरून तो घरात काय म्हणाला ते तुला माहीत आहे. रहाटात अडकली म्हणाला.

रहाटाला तेल घालायचं काम तुझं होतं. सासूबाईंनी तुझ्या कानाखाली दिली, सोळा वर्षांच्या मुलीला, सगळ्या आळीसमोर. रहाट काढून टाकला. मी भाताच्या टोपामागे उभी होते. वाटलं होतं, उद्या सांगू. तो उद्या पंचावन्न वर्षांनी आला, आणि तोही चुकीच्या हॉलमध्ये.

कार्यक्रमानंतर ती मुलगी आली. घरच्या बोलीत म्हणाली, आजी, पानी हवं का? मग माझा हात धरून बसून राहिली. हात धरायला चांगली शिकली आहे. मी मनात म्हटलं, अरे माणसा, आलास की रे कामाला.

बाकी सर्व ठीक. तब्येतीस जप. तुझ्या स्टॅनीला आशीर्वाद.

तुझी भावजय,
फ्लॉसी

ता. क. : स्टेफीचं बरोबर होतं, मला काहीतरी हवंय. बायजा म्हणाली, स्टॅनी आपल्या त्या जुन्या विहिरीकडच्या बाजूला पर्यटकांसाठी पोहायचा तलाव बांधतोय आणि कोपऱ्यातल्या नारळावर लाल खूण केली आहे. तो नारळ तोडू देऊ नकोस. ते अर्धं बोट तुझ्या भावाने केळीच्या पानात गुंडाळून त्या नारळाच्या खड्ड्यात पुरलं होतं. तेव्हा रोप गुडघ्याएवढं होतं. मला म्हणाला, हे आधी जाऊ दे, बाकीचा मी मागाहून येतो. बाकीचा आलाच नाही. तो जमिनीत आहे तो तेवढाच, आणि तुझ्याच वाटणीला आलेल्या वाडीत आहे.

ता. क. : दोन नोव्हेंबरला संध्याकाळी मी येईन. ती मुलगीही येते म्हणाली. तिला गुरुजींना फूल वाहायचं आहे. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. कानाखाली द्यायची असेल तर मुलगी गेल्यावर दे, डाव्या कानाखाली दे म्हणजे झालं, उजव्याने मला ऐकू येतं. कोट घेऊन येते, तो तुझ्याकडेच राहू दे.

ता. क. : मेणबत्ती मोठी आणू नकोस. अर्ध्या करंगळीला छोटी पुरे. पण फाटकाची कडी वर आहे, माझा हात आता तिथवर पोचत नाही. तेवढी काढून ठेव.