दाजींच्या स्क्रिप्टने गिळलेला अर्धा टक्का

तीर्थस्वरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. गुडघा आता कसा आहे? ताईची अॅसिडिटी? मी ठीक आहे, म्हणजे नोकरी अजून शाबूत आहे आणि डोकंही जागेवर आहे, पण दोन्ही शुक्रवारपर्यंतच धरून चाला. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मला तिसरं वाक्य बोलू देत नाही. आमच्या कॉलेजच्या गाडीचा ड्रायव्हर तुमच्या घरावरूनच जातो, त्याच्या हाती देतोय.

तर, नऊ वर्षांपूर्वी तुम्ही हे नर्सिंग कॉलेज सोडून मोठ्या पदावर गेलात आणि हजेरीचे टक्के काढणारी तुमची ती शेल स्क्रिप्ट आमच्यासाठी ठेवून गेलात. (स्क्रिप्ट कसली, पोथीच! पहिल्याच ओळीत तुम्ही बजावून ठेवलंय की खालच्या हिशेबाला कोणीही हात लावू नये. कोणी लावलाही नाही. मी तर रोज त्या कॉम्प्युटरच्या पाया पडून खुर्चीत बसायचो.) नियम साधा आहे. परीक्षेला बसायला पंचाहत्तर टक्के हजेरी हवी, आणि वर अर्धा टक्का निघाला तर तो पूर्ण धरायचा. परवा यादी लागली आणि सात मुली बाद! सातही जणी दोनशे दिवसांपैकी एकशे एकोणपन्नास दिवस हजर. म्हणजे साडेचौऱ्याहत्तर, म्हणजे नियमाने पंचाहत्तर. तुमच्या स्क्रिप्टने छापलं चौऱ्याहत्तर. वर्ष गेलं की हो पोरींचं!

त्यातली एक, जिला सगळं होस्टेल तोफ म्हणतं, कागद घेऊन माझ्या टेबलावर आली. मी आधी तुमचीच बाजू घेतली. म्हटलं, बाई गं, ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या नखाची सर तुला नाही. ती म्हणाली, नखाचं राहू द्या, भागाकार करा. केला. मग भीत भीत पोथी उघडली, तर काय! शेल, म्हणजे आपल्या लेखी आज्ञा पाळणारा कॉम्प्युटरमधला गडी, त्याला अपूर्णांक कळतच नाही. भागाकार केला की टिंबापुढचं सगळं कापून फेकून देतो. अगदी नव्याण्णव पूर्णांक नऊ असले तरी नव्याण्णवच. हे आता आमच्या वॉचमनलाही माहीत झालंय. तुम्हाला माहीत नव्हतं असं मी कुठे म्हणतोय? (ताई म्हणेल.) नऊ वर्षांत अशा किती जणी मुकाट्याने घरी गेल्या असतील ते मी मोजायला बसलो होतो, पण बसवलं नाही.

मग माझ्या अंगात आलं. प्रिंटएफ नावाची आज्ञा आकडा जवळच्या पूर्णांकावर नेते, असं इंटरनेटवर वाचलं. चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा देऊन बघितले, पंचाहत्तर आले. धावत जाऊन प्राचार्यबाईंना सांगितलं, त्यांनी नवी यादी स्वतःच्या हाताने बोर्डावर लावली आणि त्यात त्याच सात जणी पुन्हा बाद! कारण हे महाशय आकडा बरोब्बर अर्ध्यावर असला की सम संख्येकडे झुकतात. साडेत्र्याहत्तर चढून चौऱ्याहत्तर, आणि साडेचौऱ्याहत्तर उतरून तेही चौऱ्याहत्तर. आगीतून फुफाट्यात! तोफेने बोर्डासमोर उभं राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत.

शेवटी उपाय निघाला तो इतका सोपा की लाज वाटली. हजेरीला शंभरने गुणायचं, भागायच्या आधीच त्यात एकूण दिवसांचे निम्मे मिळवायचे आणि मग भागायचं. पंधरा हजार भागिले दोनशे, झाले पंचाहत्तर. एक ओळ! कालपासून तयार आहे. पण बाई आता माझ्या हातची यादी लावायला तयार नाहीत. असो. मोठ्यांपुढे जास्त काय बोलावं? प्रकृतीला जपा.

तुमचा आज्ञाधारक (नाइलाजाने),
धाकटा मेहुणा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. बाईंचं म्हणणं, ज्यांनी स्क्रिप्ट लिहिली त्यांनीच 'माझी चूक झाली' असं लेखी द्यावं, तरच यादी बदलेन. परीक्षेचे फॉर्म शुक्रवारी दुपारी बंद होतात. तुम्हाला हे तीन शब्द जड जाणार याची कल्पना आहे, म्हणून सोबतच्या कागदावर मी लिहूनच दिलेत. तुम्ही फक्त सही करून ड्रायव्हरकडे द्या.

ता. क. दुसरा. बाईंना माझा शब्द का चालत नाही, तेही सांगून टाकतो. त्या सातांत माझी सख्खी भाची आहे. म्हणजे तुमची लेक, दाजी. तिने घरी कळवलेलं नाही. मी तिला समोर बसवून तुमची ओळ दाखवली, चूक समजावली, तर माझ्यावरच उखडली. म्हणाली, 'मामा, उगाच काहीतरी सांगू नकोस. बाबा चुकत नाहीत. माझाच एखादा दिवस कमी भरला असणार.' दोन दिवस धड जेवलेली नाही, आणि वर्षभराच्या वह्या पसरून तो दिवस शोधत बसली आहे.